डोंगरातील जलाशयाकाठी दोन रात्री तंबूत राहायचे आहे. जागा, पाणी आणि थंडी यांचे नियोजन कसे करावे?

पायवाट (प्रश्न)

नमस्कार.

पुढील महिन्यात आम्ही पाच जण डोंगरातील एका जलाशयाच्या उद्यानात दोन रात्री तंबूत राहण्याचा विचार करीत आहोत. आम्ही पतिपत्नी, ७ आणि ११ वर्षांची दोन मुले आणि माझे ६८ वर्षांचे वडील. जागा समुद्रसपाटीपासून साधारण १,४०० मीटर उंचीवर आहे आणि आम्ही राहतो ते ठिकाण जेमतेम २०० मीटरवर आहे. यापूर्वी सपाटीवरील मोकळ्या मैदानात दोन वेळा तंबू लावलेला असल्यामुळे आम्ही अगदीच नवखे नाही, परंतु डोंगर आणि मोठे पाणी या दोन्ही गोष्टी एकत्र प्रथमच वाट्याला येत आहेत.

छायाचित्रांत पाण्याला लागून एक रुंद, सपाट, गवत नसलेली पट्टी दिसते. दगड नाहीत, उतार नाही, समोर पाणी. तंबू तेथेच लावावा, म्हणजे मुलांना सकाळी उठल्याबरोबर पाण्याशी जाता येईल आणि वडिलांना चढउतार करावी लागणार नाही, असे माझ्या मनात आहे. पत्नीला ते पसंत नाही. धरणाच्या पाण्याचा भरवसा धरू नये, असे तिचे म्हणणे आहे. माझा प्रश्न असा की, पावसाचे दिवस नसताना पाणी वाढण्याचे कारणच काय?

याखेरीज, जलाशयाचे पाणी उकळून पिण्यास चालेल का आणि पांघरुणाची तयारी कितपत करावी, हेही जाणून घ्यायचे आहे. मुलांसाठी हवा भरण्याची एक लहान होडी घेतली आहे, ती न्यावी की नाही, याबद्दलही अनुभवी मंडळींनी सांगावे.

जलरेषा

आपल्या पत्नीचे म्हणणे बरोबर आहे, आणि त्याचा पुरावा आपण पाहिलेल्या छायाचित्रातच आहे. ती पट्टी सपाट, मऊ आणि गवत नसलेली का आहे, हा प्रश्न आपण स्वतःला विचारून पाहावा. वर्षातील बराच काळ ती पाण्याखाली असते, म्हणून तेथे काही उगवत नाही, आणि पाण्याने आणून टाकलेला बारीक गाळ बसल्यामुळे ती सपाट दिसते. नैसर्गिक तळ्याचा काठ वर्षानुवर्षे जवळपास एकाच जागी राहतो. जलाशयाचा काठ मात्र दरवाजे, पाण्याची मागणी आणि वीजनिर्मितीचे वेळापत्रक यांच्या मागे सरकत असतो.

आपल्या डोक्यावर पाऊस नसला म्हणून पाणी वाढत नाही, असे समजू नये. त्याच नदीवर वरच्या अंगाला दुसरे धरण असेल तर तेथून सोडलेला विसर्ग खालच्या जलाशयात येतो. शिखरांवर बर्फ असेल तर ऊन तापलेल्या दिवशी वितळलेले पाणी संध्याकाळी किंवा रात्री येऊन पोहोचते. पाणलोट क्षेत्राच्या दुसऱ्या टोकाला, आपल्याला ढगही दिसत नाहीत इतक्या दूर, वादळी पाऊस झालेला असू शकतो. शिवाय काही ठिकाणी खालच्या जलाशयातील पाणी रात्री पंपाने वरच्या जलाशयात चढवून दिवसा त्याच्यावर वीज तयार करतात, आणि अशा जलाशयांत एका दिवसात पातळी काही मीटरने वरखाली होणे हे नेहमीचे काम असते.

हे मी पुस्तकी सांगत नाही. काही वर्षांपूर्वी मी नेमक्या अशाच पट्टीवर संध्याकाळी तंबू लावला होता. पाणी चांगले बारा-तेरा पावलांवर होते आणि आकाश स्वच्छ होते. पहाटे चारच्या सुमारास तंबूच्या तळाखाली कोणी ओले फडके आपटत असल्यासारखा आवाज येऊ लागला म्हणून मी टॉर्च लावून बाहेर पाहिले, तेव्हा पुढच्या दोन खुंट्या पाण्यात होत्या आणि दारात काढून ठेवलेल्या बुटांपैकी एक हळूहळू फिरत आत चालला होता. पातळी वीतभरापेक्षा फारशी वाढलेली नव्हती. परंतु काठाचा उतार पन्नासास एक इतका सौम्य असेल, तर पातळी केवळ २० सेंटिमीटर वाढली तरी पाणी १० मीटर आत येते. सपाट जागेचा हाच धोका आहे, आणि आपल्याला ती नेमकी सपाट म्हणूनच आवडली आहे.

मग जागा ओळखावी कशी? काठावर उभे राहून पाण्याकडे पाठ करावी आणि उताराकडे पाहावे. उघड्या मातीचा पट्टा जेथे संपतो आणि जुने गवत, झुडपे, खडकांवरील शेवाळाचे वाळके ठिपके जेथे सुरू होतात, ती जलाशय पूर्ण भरल्यावरची रेषा. खडक असतील तर त्यांच्यावर फिकट रंगाचा आडवा पट्टा स्पष्ट दिसतो, आणि त्या रेषेवर बहुधा वाळलेल्या काटक्या, बुचे, प्लॅस्टिकचे तुकडे अशी ओळ लागलेली असते. तंबू त्या रेषेच्या वर हवा. आजचे पाणी कितीही खाली असले तरी त्याचा विचार करू नये. शिवाय पाण्यापासून किमान ६० मीटर, म्हणजे मोठ्या माणसाची सत्तर-ऐंशी पावले, दूर राहावे, कारण रात्री वन्य प्राण्यांनाही त्या पाण्यावर यायचे असते.

उंचीचा आणखी एक फायदा आहे. रात्री थंड झालेली जड हवा उतारावरून वाहत खाली येते आणि तळाशी साचते. त्यामुळे पाण्यालगतचा खोलगट भाग हा सर्वांत थंड आणि सर्वांत दमट असतो. काठापासून पंधरा-वीस मीटर उंचीवर उतारात एखादी पायरीसारखी सपाटी मिळाली, तर तेथील रात्र काठापेक्षा उबदार जाते आणि सकाळी तंबू कमी भिजलेला असतो. मात्र ती सपाटी कोरड्या ओघळीच्या तोंडाशी नसावी आणि तिच्यावर वाळलेल्या फांद्या लोंबत नसाव्यात.

वाऱ्याबद्दलही लक्षात ठेवावे. दिवसा वारा दरीतून वर चढतो आणि सूर्यास्तानंतर उलटा, वरून खाली वाहू लागतो. संध्याकाळचा वारा पाहून तंबूचे एकच टोक पक्के करणाऱ्यांची झोप मध्यरात्री मोडते. दोन्ही टोके सारखीच बांधावीत. माती भुसभुशीत असेल तर खुंटी उभी ठोकण्यापेक्षा जाड काठीला दोर बांधून ती काठी वीतभर खोल आडवी पुरावी आणि वर दगड ठेवावेत.

धरणाच्या भिंतीच्या खालच्या बाजूला, नदीच्या पात्रात किंवा पात्रातील बेटावर तर कोणत्याही कारणाने मुक्काम करू नये, मग तेथील वाळू कितीही सुंदर असो. तेथे भोंगा वाजला की निघावेच लागते, आणि झोपेत असलेल्या दोन मुलांना व एका वृद्ध माणसाला घेऊन निघायला किती वेळ लागेल, याचा अंदाज आपणच करावा.

निघण्यापूर्वी जलाशयाच्या व्यवस्थापनाकडे दूरध्वनी करून पाण्याची सध्याची पातळी आणि त्या दिवसांतील विसर्गाचे नियोजन विचारून घ्यावे. पाण्यात उतरण्यास, होडी घालण्यास आणि विस्तव पेटवण्यास परवानगी आहे का, हेही त्याच वेळी विचारावे. पिण्याच्या पाण्यासाठी राखलेल्या अनेक जलाशयांत माणसाने पाण्यात उतरण्यासच बंदी असते, आणि हे तेथे पोहोचल्यावर फलकावर वाचण्यापेक्षा आधी कळलेले बरे.

थंडगार

जागेबद्दल वर सविस्तर लिहून झालेच आहे, म्हणून मी फक्त थंडीबद्दल लिहितो.

दर १,००० मीटर चढल्यावर तापमान सरासरी ६.५ अंश सेल्सिअसने उतरते. आपल्या घरापासून ती जागा १,२०० मीटर उंच आहे, म्हणजे घरी रात्री १८ अंश असतील तर तेथे १० अंश धरून चालावे, आणि आकाश निरभ्र असून वारा पडलेला असेल तर त्याहूनही दोन-चार अंश कमी. घरच्या हवामानावरून कपडे भरणाऱ्यांची सर्वांत मोठी चूक येथेच होते.

स्लीपिंग बॅगवर दोन-तीन तापमाने छापलेली असतात. त्यांतील सर्वांत खालचा आकडा पाहून ती घेऊ नये. त्या तापमानात माणूस जिवंत राहतो, झोपतो असे नाही. आपल्याला ‘कम्फर्ट’ हा आकडा पाहायचा आहे, आणि वडिलांसाठी तोही अपेक्षित तापमानापेक्षा पाच अंश खालचा धरावा, कारण वयानुसार शरीराची ऊब राखण्याची शक्ती कमी होते.

मात्र पिशवीपेक्षाही महत्त्वाची वस्तू म्हणजे खालची मॅट. अंगाखाली दबलेल्या भरावात हवा उरत नाही, आणि हवा नसेल तर तो भराव निरुपयोगी. थंडी वरून येते असे आपल्याला वाटते, प्रत्यक्षात शरीराची ऊब जमिनीत जात असते. हवा भरण्याच्या साध्या गादीतही आतली थंड हवा खेळत राहते, त्यामुळे ती जाड दिसली तरी गार लागते. मॅटवर ‘आर’ या नावाने तिची उष्णतारोधक क्षमता लिहिलेली असते. १० अंशांच्या रात्रीसाठी ती किमान २ ते ३ असावी, आणि वडिलांना एकावर एक दोन मॅट द्याव्यात. दोन मॅटच्या क्षमतांची सरळ बेरीज होते.

झोपताना तंबूचे झरोके पूर्ण बंद करू नयेत. पाच माणसांच्या श्वासातील वाफ कापडावर थिजते आणि पहाटे तीच थेंबाथेंबाने अंगावर पडते. मग तंबू गळतो अशी समजूत होऊन बिचाऱ्या शिलाईला दोष दिला जातो. मुलांना दिवसभर घातलेल्या मोज्यांवर झोपवू नये. मोजे कोरडे वाटले तरी ते घामाने दमट असतात. झाकण घट्ट बसणाऱ्या धातूच्या बाटलीत गरम पाणी भरून ती मोज्यात गुंडाळून पायाशी ठेवली, तर मध्यरात्रीपर्यंत छान ऊब मिळते.

एक गोष्ट मात्र कधीही करू नये. थंडी कितीही वाजली तरी शेगडी, कोळसे किंवा गॅसचा दिवा तंबूत नेऊ नये, आणि विझत आलेले निखारेही नेऊ नयेत. त्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही, आणि झोपलेला माणूस त्याने जागा होत नाही.

निवळी

पाण्याविषयी थोडक्यात.

उकळलेले पाणी चालते. खळखळून उकळी फुटल्यावर एक मिनिट पुरे, आणि २,००० मीटरच्या वर असाल तर तीन मिनिटे. १,४०० मीटरवर पाणी साधारण ९५ अंशांनाच उकळते, पण जंतू मारण्यास ते पुरेसे आहे. स्वयंपाकाला मात्र नेहमीपेक्षा वेळ लागतो, तेव्हा इंधन थोडे जास्त घ्यावे. पाणी गढूळ असेल तर आधी भांड्यात तासभर निवळू द्यावे आणि वरचे पाणी दाट कापडातून गाळून घ्यावे. केवळ क्लोरीनच्या गोळ्यांवर विसंबू नये, कारण क्रिप्टोस्पोरिडियम नावाचा आतड्यांचा विकार करणारा परजीवी त्यांना दाद देत नाही.

उकळण्याने जे जात नाही, ते म्हणजे निळ्या-हिरव्या शेवाळाचे विष. उन्हाळ्याच्या शेवटी, पाणी संथ आणि कोमट असताना, काठाशी हिरवा रंग सांडल्यासारखा तवंग किंवा वाटाण्याच्या सारासारखा दाट थर दिसतो. तसा तो दिसला तर ते पाणी प्यायचे नाही, त्यात खेळायचेही नाही. अशा वेळी घरून आणलेले पाणीच वापरावे, म्हणून गाडीत पहिल्या दिवसापुरते तरी पाणी असू द्यावे. स्वयंपाक आणि धुणे धरून माणशी ५ ते ६ लिटर मी मोजतो.

पायवाट

सर्वांचे मनापासून आभार. जलरेषा यांचा बूट डोळ्यांसमोरून जात नाही. छायाचित्र पुन्हा मोठे करून पाहिले असता त्या पट्टीच्या वर उतारावर वाळक्या काटक्यांची ओळ खरोखरच दिसली, आणि तिच्यावर एक लहान सपाटी आहे असेही वाटते. पत्नीने काहीही न बोलता ते छायाचित्र वडिलांना दाखवले, एवढेच येथे नमूद करतो.

होडीचा प्रश्न मात्र राहिला. त्या उद्यानात पाण्यात उतरण्यास परवानगी आहे, हे आज विचारून घेतले. दोन्ही मुलांना तरणतलावात चांगले पोहता येते. दुपारी काठाचे पाणी कोमट असते असे तेथे जाऊन आलेल्यांनी सांगितले. तरीही लाइफ जॅकेट लागेल का?

मनमौजी

एवढी भीती घालण्याचे कारण नाही, असे मला नम्रपणे वाटते. मी लहानपणापासून अशा पाण्यात पोहत आलो आहे. मुलांना पोहता येते, पाणी कोमट आहे, आई-वडील काठावर आहेत. आणखी काय हवे? प्रत्येक गोष्टीत धोका पाहिला तर मुले घरातच बसतील.

काठावरचा

मनमौजी यांच्या शेवटच्या वाक्याशी मी सहमत आहे. मुलांनी पाण्यात जावेच. परंतु बरीच वर्षे पोहणे शिकवल्यानंतर मला ‘पोहता येते’ या दोन शब्दांचीच अधिक धास्ती वाटते, कारण तरणतलावात पोहणे आणि जलाशयात पोहणे ही दोन निराळी कामे आहेत.

पहिली गोष्ट, ‘कोमट पाणी’ हे वरच्या काही मीटरांचे वर्णन आहे. उन्हाने तापलेले हलके पाणी वर तरंगत राहते आणि त्याच्याखाली थंड, जड पाण्याचा थर तसाच असतो. पाय खाली सोडला की घोट्याला एकदम बर्फाळ पाणी लागते, हे अशा पाण्यात पोहलेल्या कोणालाही आठवत असेल. वाऱ्याने वरचे पाणी पलीकडच्या काठाकडे ढकलले, तर खालचे थंड पाणी अलीकडे वर येते, आणि काल कोमट असलेला काठ आज गारठलेला असतो. पाणी १५ अंशांच्या खाली असेल आणि माणूस अचानक त्यात पडला, तर पहिल्याच क्षणी नकळत मोठा श्वास आत ओढला जातो. त्या वेळी तोंड पाण्याखाली असेल तर पोहण्याचे कौशल्य कामास येण्यापूर्वीच पाणी छातीत जाते. श्वास ताब्यात यायला मिनिटभर लागते, आणि अतिशय थंड पाण्यात दहाएक मिनिटांत हातांची पकड सुटू लागते. लाइफ जॅकेटचे खरे काम त्या पहिल्या मिनिटात तोंड पाण्यावर ठेवणे हे आहे. म्हणून पोहता येणाऱ्यालाही ते हवे.

दुसरी गोष्ट तळाची. जलाशय म्हणजे बुडालेली दरी. काठापासून पाच पावले गुडघाभर पाणी आणि सहाव्या पावलाला तळच नाही, असे तेथे सर्रास असते. खाली जुनी झाडे, कुंपणाच्या तारा, पडक्या भिंती तशाच राहिलेल्या असतात, म्हणून सूर मारणे पूर्णपणे वर्ज्य. आणि पातळी उतरल्यावर उघडा पडलेला गाळ वरून भेगाळलेला, कोरडा दिसतो, पण त्याच्यावर पाय ठेवला की मांडीपर्यंत रुतू शकतो. मुलांना हे आधी काठी खुपसून दाखवावे. सांगून पटत नाही, काठी आत जाताना पाहिली की पटते.

होडीबद्दल माझे मत स्पष्ट आहे: नेऊ नये. हवेची होडी पाण्यात जवळजवळ बुडतच नाही, त्यामुळे साधा वारासुद्धा तिला पानासारखी ढकलत नेतो, आणि दुपारचा दरीतला वारा साधा नसतो. मूल काठापासून दूर जाऊ लागले की मागून पोहत जाणारा बाप दमतो, होडी दमत नाही. मोह आवरत नसेल तर सकाळी लवकर, पाणी आरशासारखे स्थिर असताना, दोघांनाही मापाचे लाइफ जॅकेट घालून, होडीला लांब दोर बांधून त्याचे टोक आपल्या हातात धरावे. मापाचे आहे की नाही हे पाहण्यासाठी मुलाच्या जॅकेटचे खांदे धरून वर उचलावे. ते कानांपर्यंत वर आले तर ते मोठे आहे. सांडव्याजवळ आणि तरंगत्या खुणांच्या ओळीपलीकडे कोणत्याही परिस्थितीत जाऊ नये.

डोंगरात दुपारनंतर ढग जमणे नेहमीचेच. वीज चमकल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंत ३० सेकंदांहून कमी वेळ गेला, तर ती १० किलोमीटरच्या आत आहे असे समजून पाण्यातून बाहेर यावे आणि गाडीत बसावे, तंबूत नव्हे. शेवटचा गडगडाट ऐकल्यावर अर्धा तास तेथेच थांबावे.

मनमौजी

दोराची कल्पना मान्य. लहानपणी आम्हाला काठावरून हाका मारणारे काका होते. दोर नव्हता, पण त्यांचा आवाज तेवढाच लांब होता.

पायवाट

होडी घरीच ठेवण्याचे ठरले. मापाची दोन जॅकेटे भाड्याने मिळत आहेत. धाकटीचे खांदे धरून उचलून पाहिले, तर पहिले जॅकेट खरोखरच कानांपर्यंत आले. शेवटचा एक प्रश्न: तंबू उतारावर लावायचा ठरल्यामुळे वडिलांना रात्री दोन-तीन वेळा उठावे लागते, त्याची सोय कशी करावी?

जलरेषा

त्यांचा तंबू शौचालयाकडे जाणाऱ्या वाटेच्या बाजूला लावावा आणि ती वाट उजेड असतानाच त्यांच्यासोबत दोनदा चालून यावे, म्हणजे कोणता दगड हलतो ते त्यांच्या पायांना ठाऊक होईल. टॉर्च हातात धरण्यापेक्षा डोक्याला बांधण्याचा असावा, कारण काठी आणि टॉर्च एकाच वेळी सांभाळताना हात कमी पडतात. तो झोपताना उशाच्या डाव्या किंवा उजव्या, पण रोज एकाच बाजूला ठेवावा. बूट तंबूच्या आत, तळवे पिशवीत घालून ठेवावेत. तंबूच्या दोरांना गुडघ्याच्या उंचीवर पांढऱ्या कापडाच्या पट्ट्या बांधाव्यात. पहिल्या रात्री दोराला कोणीतरी अडखळतेच, आणि माझ्या अनुभवात तो बहुतेक वेळा तंबू लावणाराच असतो.